द्रव पोलादाच्या शुद्धीकरणाचा इतिहास : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

कर्जत–मुरबाड मार्गावरील कशेळे आणि बोरघाटाच्या पायथ्याची खोपोली ही एकाच डोंगराळ पट्ट्यातील गावे होत. या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास सामान्यतः रेल्वे आणि जलविद्युत (खोपोली १९१५, भिवपुरी १९२२) यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. पोलादाचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. धातूतील मळ काढण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या आणि त्या बदलात मानवी कौशल्याचे स्थान काय राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हातोडा आणि मळी

सह्याद्रीत महाबळेश्वर परिसरातील धावड लोक मातीच्या लहान भट्टीत लोणारी कोळशावर लोखंड गाळीत. त्या भट्टीत लोखंड पूर्णपणे वितळत नसे. स्पंजासारखा गोळा हाती येई व तो तापवून ठोकला की मळी बाहेर पडे. शुद्धीकरणाचे साधन म्हणजे हातोडा आणि कारागिराची नजर. स्वस्त विलायती लोखंड व जंगलावरील निर्बंध यांमुळे एकोणिसाव्या शतकात हा व्यवसाय लयास गेला. कर्जत–खालापूर भागातील कातकरी समाजाचा कोळसा पाडण्याचा जुना व्यवसाय लक्षात घेतला, तर धातुविद्या व वनजीवन यांचा संबंध स्पष्ट होतो.

खोपोलीचा कारखाना

१९६२ मध्ये फ्रान्समधील युजीन कंपनीच्या सहकार्याने महिंद्रा युजीन स्टील कंपनी स्थापन झाली व खोपोलीस मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला. युजीन हे फ्रेंच आल्प्समधील गाव. तेथील रने पेरँ यांनी १९३० च्या दशकात एक पद्धत विकसित केली होती. चुना व ॲल्युमिना यांच्या वितळलेल्या कृत्रिम मळीवर पोलाद उंचावरून वेगाने ओतले की दोन्ही द्रव घुसळले जाऊन अशुद्धता मळीत उतरते. म्हणजेच ज्या मळीला पूर्वी केवळ टाकाऊ मानले जाई, तीच आता शुद्धीकरणाचे साधन झाली. पुढे जगभर निर्वात प्रक्रिया व आर्गॉन वायूचा वापर रूढ झाला. २०१२ मध्ये खोपोलीच्या पोलाद व्यवसायासाठी जपानच्या सान्यो स्पेशल स्टील व मित्सुई या कंपन्यांशी भागीदारीचा करार झाला.

सिरॅमिक गाळणी

ऑक्सिजन काढण्यासाठी पोलादात ॲल्युमिनियम घातले की ॲल्युमिनाचे सूक्ष्म कण तयार होतात. एक दोष दूर करताना दुसरा निर्माण होतो. हे कण आत राहिल्यास ताण सोसणाऱ्या भागास तेथूनच तडा जाण्याचा संभव असतो. ते अडविण्यासाठी साच्याच्या वाटेत सच्छिद्र सिरॅमिक गाळणी बसवितात. स्पंजावर सिरॅमिकचा राळा चढवून, तो भाजून स्पंज जाळून टाकण्याच्या कृतीचे पेटंट श्वार्ट्झवाल्डर व सोमर्स यांना १९६३ मध्ये मिळाले. अशा गाळण्या प्रथम ॲल्युमिनियमसाठी रूढ झाल्या. पोलादाच्या सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाचा एकाएकी बसणारा धक्का सोसण्यासाठी झिर्कोनिया किंवा कार्बनबद्ध ॲल्युमिना वापरावे लागले. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे २०११ पासून झालेल्या संशोधनाने लेपाचे महत्त्व दाखविले. छिद्रांहून कितीतरी लहान कणही लेपित भिंतीस चिकटून राहतात आणि काही लेप द्रव पोलादाशी रासायनिक क्रियाही करतात.

तथापि गाळणी कणांनी भरत जाते व तिची क्षमता मर्यादित असते. त्यामुळे ती मुख्यतः ओतशाळेतच उपयोगी ठरते. मोठ्या प्रमाणावरील पोलादनिर्मितीत मळी व निर्वात प्रक्रियेवरच भर राहिला आहे.

निष्कर्ष

हातोडा, मळी व गाळणी या क्रमात शुद्धीकरणाचे काम कारागिराच्या हातून द्रव्याकडे गेले असे दिसते. परंतु ओतण्याचा वेग, गाळणीची बैठक व मळीची पारख यांत मानवी अनुभव आजही निर्णायक आहे. यंत्रांची नोंद कराराच्या कागदांत राहते, अनुभवाची राहत नाही. धावडांचे ज्ञान असेच बहुतांशी हरपले. खोपोलीच्या भट्ट्यांवर राबलेली पहिली पिढी केव्हाच निवृत्त झाली आहे. तिच्या मौखिक साक्षी परिसरातील महाविद्यालयांनी वेळीच नोंदविणे, हे स्थानिक इतिहासलेखनाचे तातडीचे कर्तव्य आहे.