मराठी व्यक्तिनामांतील आदरप्रत्यय : देऊळगाव राजा परिसराच्या संदर्भात

जुनी नावे मागे पडली असे म्हणताना सामान्यतः नामप्रकृतीचा, म्हणजे मूळ शब्दाचा, विचार होतो. वस्तुतः अधिक मोठा पालट नावाच्या अंत्य घटकात झाला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व त्याजवळील सिंदखेड राजा या जाधवरावांच्या परिसरात या पालटाची साधने सहज उपलब्ध होतात.

याच जिल्ह्यातील लोणार येथे चक्रधरस्वामींचे वास्तव्य झाले होते. त्यांच्या परिवारातील बाइसा, महदाइसा, आउसा ही तेराव्या शतकातील नावे आदरवाचक अंत्य घटकानेच ओळखू येतात. पुढे जिजाऊ या नावात ‘आऊ’ हा मातृवाचक शब्द दिसतो. १६२९ मध्ये दौलताबादेस लखुजी जाधवराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव मारले गेले. या चार नावांत ‘जी’ आणि ‘राव’ हे दोन्ही घटक आहेत. पैकी ‘राव’ हा संस्कृत ‘राजन्’पासून आलेला होय. देऊळगावच्या दैवताच्या नावात तर ‘जी’ प्रकृतीशी इतका एकरूप झाला आहे की, बालाजी नावाच्या मनुष्यास आदराने हाक मारताना पुन्हा ‘राव’ जोडून ‘बालाजीराव’ म्हणावे लागते.

हा घटक नाव धारण करणाराच्या नव्हे, तर हाक मारणाराच्या अधीन असे. एकच मनुष्य एकाचा गणपतराव, दुसऱ्याचा गणोबा आणि तिसऱ्याचा गण्या होई. मूल दगावू नये म्हणून ठेवलेले ‘धोंडू’ हे नावही प्रत्ययाने प्रतिष्ठित होई. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. उलट, भोसल्यांच्या मालोजींचेच नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आजोबांचे होते. वडिलांचे नाव रामजी. दोघांनीही लष्करात नोकरी केली. परंतु अस्पृश्य गणलेल्यांच्या नावातील ‘जी’ गावच्या व्यवहारात उच्चारला जाईलच, याची शाश्वती नव्हती.

शाळेच्या व जन्मनोंदणीच्या दफ्तरांत नावाचे एकच रूप स्थिर झाले. वसंत, शरद, नलिनी, मालती अशी प्रत्ययावाचून पूर्ण वाटणारी नावे विसाव्या शतकात रूढ झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता ही नावे घरोघरी आली. त्यांची प्रतिष्ठा प्रकृतीतच असल्याने ती दुसऱ्याच्या तोंडच्या प्रत्ययावर अवलंबून राहिली नाही.

मुलींच्या एका नावाला मात्र कोणताही प्रत्यय तारू शकत नव्हता. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीस ‘नकुशा’ म्हणत. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रातील सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली आढळल्या. २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते.

तात्पर्य, नामांतील पालट हा केवळ आवडीनिवडीचा इतिहास नाही. मान कोणी कोणास द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी प्रत्ययात असे. आता ते नामप्रकृतीत शोधले जाते. मात्र नाव पालटले म्हणून त्यामागील वृत्तीही पालटली, असे अनुमान उपर्युक्त आकडे करू देत नाहीत.