नाव कुणाच्या वहीत?

आम्ही सात रस्त्यावरून बोलतो आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. आज आपण सोलापुरातल्या वह्या उघडू. कामाच्या आणि मताच्या वहीत बाईचं नाव कधी आलं, ते बघू.

1860 साली इथं रेल्वे आली. कापूस बाहेर निघाला आणि गिरणीचं सूत हातमागाच्या दारात आलं. पुढं 1876-77चा दुष्काळ पडला, त्याच सुमारास जुनी मिल सुरू झाली. खेड्यातली माणसं पोटासाठी भोंग्यामागं आली, त्यात बायकाही होत्या. गिरणीत निदान हजेरी लागायची. घरच्या मागावर मात्र विणकर म्हणजे पुरुष. कांड्या भरणारी ‘घरचीच’, तिला कसली मजुरी! तिनं हात आखडला तर माग थांबतो, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी लष्करी कायदा लावला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ही चार नावं आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. त्यांच्या घरातल्या बायकांची नावं किती जणींना सांगता येतील?

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळालं. पण 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच.

आपल्याकडं विडीनं मोठा फरक पडला. पानं आणि तंबाखू घरी आणायची, हजारावर मजुरी घ्यायची. कारखान्याच्या भिंतीबाहेरचं हे काम. 1966च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं. मग कार्ड, फंड, दवाखाना मागता आला. तरी विड्या छाटात काढून मजुरी कापायची खोड गेली नाही.

1993 साली पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. ‘सही तिची, कारभार त्याचा’ हे आम्हीही ऐकतो. पण सही तिचीच लागते, हेही नवंच.

यंत्रमागाच्या घरात कांड्या भरणाऱ्या आजही आहेत. तुमच्या गटात कोणी असेल तर पुढच्या बैठकीत विचारा: ई-श्रमची नोंद केली का, आणि धंदा कोणता लिहिला? ‘गृहिणी’ लिहिलं असेल तर बदलून घ्या.