दावणीचं हेलिकॉप्टर

बैल घेण्याआधी गोठा आणि दावण बघावी लागते, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आपल्या नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा इतिहास मला तसाच वाचावासा वाटतो. आम्हा पुणेकरांना हेलिकॉप्टर दिसतं ते आकाशात. पण त्याच्या आयुष्याचा बराचसा वेळ जमिनीवर जातो, आणि तिथे त्याला बांधून ठेवावं लागतं.

आधी जमिनीवरची गोष्ट बघू. नाशिकला गांधीनगरमध्ये लष्कराची हेलिकॉप्टर-वैमानिक तयार करणारी शाळा २००३ सालापासून आहे. तिथल्या 'चीता'ला चाकं नसतात. खाली दोन लांब नळ्या असतात, त्यांना स्किड म्हणतात. ते जागचं हलवायचं असेल तर या नळ्यांना छोटी चाकं जोडून, यंत्र किंचित उचलून, माणसांनी ढकलत न्यायचं. उभं करून ठेवलं की पात्यांनाही दोरीने बांधायचं. कारण बंद पडलेलं लवचिक पातं वाऱ्याने वरखाली आपटू लागलं, तर ते आपल्याच शेपटावर आदळू शकतं.

हे झालं स्थिर जमिनीवर. आता जमीनच हलत असेल तर?

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका १९७२ साली नौदलात आली. तिच्या मागच्या छोट्या डेकवर 'चेतक' उतरायचं. पूर्ण भारासकट ते जेमतेम २.२ टनांचं. उतरल्याबरोबर खलाशांनी धावत जाऊन पट्ट्यांनी ते डेकला जखडायचं, आणि तेही डोक्यावर पाती फिरत असताना.

पण पाणबुडी शोधून तिच्यावर हल्ला करायला मोठं हेलिकॉप्टर हवं. ते होतं 'सी किंग', साधारण साडेनऊ टनांचं. १९७१ पासून ते आपल्याकडे होतं, पण एवढं धूड छोट्या जहाजावर ठेवायचं कसं? निलगिरी वर्गाच्या जहाजाची रुंदी सुमारे १३ मीटर आणि सी किंगच्या पात्यांचा घेर जवळजवळ १९ मीटर. म्हणजे पाती जहाजाच्या दोन्ही कडांच्या बाहेर! म्हणून या वर्गातल्या शेवटच्या दोन जहाजांचा, 'तारागिरी' (१९८०) आणि 'विंध्यगिरी' (१९८१) यांचा आराखडाच बदलला.

त्यांच्यावर बसवलेलं यंत्र कॅनडाच्या नौदलाने शोधलेलं होतं. उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रात छोट्या जहाजांवर सी किंग उतरवण्यासाठी त्यांनी १९६३ च्या सुमारास त्याच्या चाचण्या घेतल्या. नाव 'बेअर ट्रॅप', म्हणजे अस्वलाचा सापळा. हेलिकॉप्टर डेकच्या वर तरंगत राहतं आणि एक बारीक दोर खाली सोडतं. खलाशी त्याला जहाजावरची पोलादी तार जोडतात. ती तार वर ओढून घेऊन हेलिकॉप्टरच्या पोटाला अडकवली जाते. मग जहाजावरचं यंत्र ती ताणून धरतं आणि योग्य क्षणी हेलिकॉप्टरला खाली खेचतं. टेकताक्षणी डेकवरचा जबडा पोटाखालचा दांडा पकडतो. नंतर तोच जबडा रुळावरून सरकत सगळ्या धुडाला हँगरकडे घेऊन जातो. पुढे १९८३ ची 'गोदावरी' तर दोन सी किंग घेऊन निघाली.

बांधणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच सोडणंही. एक पट्टा जरी राहून गेला आणि वैमानिकाने उचल घेतली, तर हेलिकॉप्टर त्या एका टोकाभोवती काही सेकंदांत उलटतं. म्हणून नौदलांमध्ये पद्धत आहे, की सोडलेले पट्टे खलाशी हातात उंच धरून वैमानिकाला दाखवतात. त्याने ते मोजायचे, मगच उड्डाण. इतक्या महागड्या यंत्राची सुरक्षा शेवटी अशी साध्या मोजणीवर येऊन ठेपते.

दावणीचा विचार मागे पडला तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. आपल्याच देशात घडवलेल्या 'ध्रुव'ची पाती घडी केल्यावर रुंदी ३.५ मीटरमध्ये बसावी, अशी नौदलाची अपेक्षा होती. ते जमलं नाही. उडायला उत्तम असलेलं हे यंत्र नौदलाला मुख्यतः किनाऱ्यावरूनच वापरावं लागलं. बैल आला, गोठ्याचं दार अरुंद!

जुनी तारागिरी २०१३ मध्ये निवृत्त झाली. विंध्यगिरी त्याआधीच, २०११ साली, मुंबई बंदराजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन बुडाली होती. 'निलगिरी' हे नाव धारण करणारी नवी युद्धनौका १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली.

मी वर्गात इतिहास शिकवताना मुलं नेहमी विचारायची, लढाई कोणी जिंकली. घोड्याला खोगीर कोणी घातलं, असं कधी कुणी विचारलं नाही. वैमानिकांना शौर्यपदकं मिळतात आणि ती मिळायलाच हवीत. पण फिरत्या पात्यांखाली वाकून, हलत्या डेकवर, हातात पट्टा घेऊन धावणारा खलाशीही त्याच इतिहासात आहे. घरातल्या लहानांपैकी कुणी पुढे नौदलात गेलंच, तर त्याने त्या माणसाचं नाव आधी विचारून घ्यावं.