उपकरणवृक्षाचा आकार आणि यंत्रारंभाची सुसंगती : एक ऐतिहासिक विवेचन

१

संगणकाचा इतिहास बहुधा प्रोसेसरांच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु यंत्राला वीज मिळाल्यापासून कार्यप्रणाली हाती कारभार घेईपर्यंतच्या अल्प काळात जे घडते, त्याचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. त्या काळात बूटलोडर अथवा फर्मवेअर हा निरोप देणारा आणि कर्नल हा निरोप घेणारा असतो. यंत्रात स्मृती किती आहे, घड्याळ कोठे जोडले आहे, पडदा कोणत्या पत्त्यावर आहे, ही माहिती एकाने दुसऱ्याला द्यावयाची असते. ह्या माहितीची जी शाखाबद्ध मांडणी, तिला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणजे उपकरणवृक्ष अशी संज्ञा आहे. ह्या वृक्षाचा आकार वाढत गेला तेव्हा निरोप देणारा व घेणारा यांच्या सुसंगतीवर कोणता परिणाम झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळेत तो क्षुल्लक ठरतोही. कारण यंत्र सुरू न झाल्यास जाणकार तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत असतो. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो माडिया गोंडांच्या वस्तीत रुजविला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे ह्या भागातील वाहतूक खुंटते. अशा ठिकाणच्या शाळेत किंवा दवाखान्यात ठेवलेले यंत्र नव्या कर्नलनिशी सुरूच झाले नाही, तर ते पूर ओसरेपर्यंत निव्वळ पेटी होऊन राहील. दूरच्या ठिकाणी यंत्रारंभाची सुसंगती ही सोयीची नव्हे, तर उपयोगितेची पहिली अट आहे.

२

उपकरणवृक्षाची कल्पना आकाराच्या बंधनातून जन्मलेली नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीत मिच ब्रॅडली यांनी फोर्थ भाषेच्या आधारे ‘ओपनबूट’ नावाचे फर्मवेअर रचले. १९८९ च्या स्पार्कस्टेशन-१ ह्या यंत्रात ते आले आणि १९९४ मध्ये ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने त्याचे आय-ट्रिपल-ई १२७५ हे प्रमाण झाले. त्यात वृक्ष हा धारिकेच्या स्वरूपात नसून फर्मवेअरने यंत्राची पाहणी करून स्मृतीत उभा केलेला असे. कार्यप्रणाली एकेक गुणधर्म विचारी आणि फर्मवेअर त्याचे उत्तर देई. संपूर्ण वृक्ष एकाच वेळी एकाच जागी ठेवण्याचे कारण नसल्यामुळे त्याची लांबी किती, हा प्रश्न उद्भवत नव्हता.

महाराष्ट्राचा ह्या परंपरेशी संबंध जुना आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली सिद्ध केलेला परम १०००० हा महासंगणक सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर आधारलेला होता, आणि त्या घराण्यातील यंत्रांचा आरंभ ओपनबूटमधूनच होत असे. पुढे २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ह्या उपक्रमाचा भारतातील प्रारंभिक प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत झाला. तेथील मुलांच्या हाती आलेल्या एक्सओ-१ ह्या लॅपटॉपमध्येही ओपन फर्मवेअरच होते आणि ते एक मेगाबाइटच्या एका लहानशा स्मृतिकेत बसविलेले होते. महासंगणक आणि आदिवासी पाड्यावरील शाळेचा लॅपटॉप ही दोन टोके. परंतु दोहोंचा आरंभ एकाच विचाराने होई, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

३

लहान व स्वस्त यंत्रांना मात्र इतके समर्थ फर्मवेअर परवडत नसे. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूट ह्या बूटलोडरला २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळाले. पॉवरपीसी यंत्रांवर तो कर्नलला माहिती देई ती एका ठरीव साच्यातून. साच्यातील प्रत्येक रकान्याचे स्थान आधीच निश्चित असे; आणि बांधणीच्या वेळी निवडलेल्या पर्यायांप्रमाणे रकाने वाढत किंवा घटत. बूटलोडर एका पर्यायाने व कर्नल दुसऱ्या पर्यायाने बांधला गेला, की एकाने स्मृतीचा आकार म्हणून लिहिलेली संख्या दुसरा भलत्याच अर्थाने वाचण्याचा संभव असे. आकार आणि सुसंगती यांचा संघर्ष येथे प्रथम उघडपणे दिसतो. आर्म प्रोसेसरांवर ‘अ‍ॅटॅग’ नावाच्या खुणांची यादी व यंत्राचा नोंदणी क्रमांक दिला जाई. ती पद्धत अधिक लवचीक होती. परंतु प्रत्येक यंत्राचे तपशीलवार वर्णन कर्नलच्या पोटातच लिहावे लागे.

२००५ मध्ये लिनक्सच्या पॉवरपीसी शाखांचे एकीकरण चालू असताना बेंजामिन हेरेनश्मिट यांनी ह्या अडचणीवर तोड काढली. ओपन फर्मवेअरचा सजीव वृक्ष सपाट करून तो एका सलग धारिकेत मांडावयाचा आणि बूटलोडरने तिचा केवळ पत्ता कर्नलला कळवावयाचा. समर्थ फर्मवेअर नसलेल्या यंत्रालाही अशा रीतीने वृक्ष लाभला. २०११ मध्ये आर्म शाखेतील पसाऱ्याबद्दल लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि त्यानंतर आर्म यंत्रांनीही हाच मार्ग वेगाने स्वीकारला.

४

ह्या सपाट धारिकेची रचना पाहिली असता तिच्या निर्मात्यांना सुसंगतीची जाणीव होती, हे स्पष्ट होते. आवृत्ती १७ मधील तिचे शीर्ष ४० बाइटचे आहे. त्यात ओळखीच्या खुणेनंतर लगेच धारिकेची एकूण लांबी नोंदलेली असते. पुढे दोन क्रमांक येतात : धारिका कोणत्या आवृत्तीची आहे, आणि किती जुन्या आवृत्तीचा वाचक तिचा अर्थ लावू शकेल. १७ व्या आवृत्तीच्या धारिकेत हा दुसरा क्रमांक १६ असतो. गुणधर्मांची नावे पुनःपुन्हा न लिहिता एका स्वतंत्र विभागात एकदाच साठविली जातात. म्हणजे काटकसरीचाही विचार झालेला आहे.

तरीही अडचण आली, आणि ती तीन वाटांनी आली. पहिली वाट मोकळ्या जागेची. बूटलोडर मिळालेला वृक्ष जसाच्या तसा पुढे देत नाही. स्मृतीची मर्यादा, जाळ्याचा पत्ता, आरंभाच्या आज्ञा ही भर त्याला घालावी लागते. धारिका काटेकोर बांधलेली असेल, तर भर घालण्यास जागा उरत नाही आणि ती क्रिया असफल होते. म्हणून संकलकात धारिकेच्या अखेरीस रिकामी जागा राखण्याची सोय केली गेली, तर यू-बूटमध्ये अशा भरीसाठी १२,२८८ बाइटची जागा धरण्याचा प्रघात पडला.

दुसरी वाट शेजाऱ्यांची. जुन्या बूटलोडरांत कर्नल, वृक्ष व आरंभीची धारिकाप्रणाली कोणत्या पत्त्यांवर उतरवावयाची, हे ठरवून टाकलेले असे. पत्ते ठरविताना वृक्ष काही किलोबाइटचा धरला आणि पुढे तो वाढला, तर त्याचे शेपूट शेजारच्या मजकुराखाली गाडले जाते. आच्छादनांची, म्हणजे मूळ वृक्षावर मागाहून चढविण्याच्या फांद्यांची, पद्धत रूढ झाल्यावर ही वाढ विशेष जाणवली. कारण आच्छादन जोडता यावे म्हणून मूळ वृक्षात नावांची एक जादा सूची ठेवावी लागते.

तिसरी वाट कर्नलने स्वतः घातलेल्या मर्यादेची. चौसष्ट-बिटी आर्म कर्नलच्या नियमानुसार वृक्ष आठ बाइटच्या सीमेवर सुरू झाला पाहिजे आणि दोन मेगाबाइटहून मोठा असता कामा नये. ४.२ ह्या आवृत्तीपूर्वी तो कर्नलजवळच्या ५१२ मेगाबाइटच्या क्षेत्रातच असणेही आवश्यक होते. त्यामुळे नव्या कर्नलवर नीट चालणारी मांडणी जुन्या कर्नलवर निरुपयोगी ठरू शके.

ह्या तिन्ही प्रकारांत बिघाडाचे बाह्य लक्षण पुष्कळदा एकच असते : काळा पडदा. ज्या साधनावर चुकीचा संदेश उमटावयाचा, त्याचा पत्ताही हरवलेल्या वृक्षातच असतो. तक्रार सांगणारी जीभच तक्रारीचा विषय होऊन बसते. हेमलकशासारख्या ठिकाणी हे मौन सर्वांत महाग पडते.

५

जुन्या फर्मवेअरशी जुळवून घेण्याचे प्रयत्नही ह्याच इतिहासाचा भाग आहेत. वृक्षाची कल्पनाच नसलेल्या बूटलोडरांसाठी २०११ च्या सुमारास आर्म कर्नलच्या शेवटी वृक्ष चिकटवून देण्याची सोय झाली. जुन्या बूटलोडरला ती एकच थोडी लांब धारिका वाटते आणि तो ती निमूटपणे उतरवितो. एक्सओ लॅपटॉपांच्या बाबतीत तर कर्नलमध्येच असा भाग लिहिला गेला की, फर्मवेअर जुने असल्याचे आढळल्यास त्याच्या वृक्षातील उणिवा, उदाहरणार्थ बॅटरीची अपुरी ओळख, आरंभीच भरून काढाव्यात. मुलांच्या हातांतील प्रत्येक लॅपटॉपचे फर्मवेअर बदलले जाईल, असे गृहीत न धरण्याचा विवेक त्यामागे दिसतो.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वृक्षाचा आकार हा स्वतः विसंगतीचे कारण नव्हे. आकाराविषयीचे गृहीतक जुन्या घटकात गोठून राहते आणि नवा घटक ते न जाणता पुढे जातो, तेव्हा विसंगती उत्पन्न होते. ओपन फर्मवेअरमध्ये संवाद होता, म्हणून गृहीतकाची गरज नव्हती. ठरीव साच्यात केवळ गृहीतकच होते. सपाट वृक्षाने लांबी नोंदवून मधला मार्ग काढला, पण त्या लांबीसाठी जागा राखण्याचे दायित्व बूटलोडरवर सोपविले. ते दायित्व कोणी पार पाडावे, हा प्रश्न दुर्गम भागासाठी यंत्रे सिद्ध करणाऱ्यांपुढे आजही आहे. बूटलोडर, वृक्ष व कर्नल ही एकत्र पारखलेली त्रयी म्हणून पाठवावी, पूर्वीची चालती त्रयी यंत्रातच राखून ठेवावी, आणि बदल करावयाचा तो मृगापूर्वी करावा, हा ह्या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.