रुप्याच्या गांवांतील पांथशाळा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे किल्ले, देवळें, ताम्रपट व बखरी एवढींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. वाटसरूंनीं जेथें रात्र काढली, चार घांस खाल्ले व सकाळीं जेथून प्रयाण केलें, अशा उतारगृहांकडे इतिहासकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. परंतु एखाद्या गांवानें कोणत्या आशा बाळगल्या होत्या, तेथें पैसा कोणत्या वाटेनें आला व कोणत्या वाटेनें निघून गेला, हें राजवाड्यापेक्षां पांथशाळेवरून अधिक स्पष्ट कळतें. राजवाडा एकाच्या इच्छेनें उभा राहतो. पांथशाळेला रोज येणाऱ्या पाहुण्यांच्या खिशावर जगावें लागतें. अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत जॉर्जटाऊन नांवाचें एक जुनें खाणगांव आहे. तेथील ‘हॉटेल द पॅरिस’ ह्या वास्तूची हकीगत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. वास्तु दूरदेशींची खरी. तथापि तिच्या नशिबाचा एक धागा मुंबईच्या टांकसाळींत गुंतलेला आहे, हें पुढें दिसून येईल.

डेन्व्हर शहराच्या पश्चिमेस, रॉकी पर्वताच्या एका अरुंद खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेआठ हजार फूट उंचीवर हें गांव वसलें आहे. आपल्या महाबळेश्वराची उंची साडेचार हजार फुटांच्या आंत आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तेथील थंडीची व वाटेच्या बिकटपणाची कल्पना येईल. १८५९ सालीं केंटकी संस्थानांतून आलेल्या ग्रिफिथ बंधूंना येथें सोनें सांपडलें. पण त्या सोन्यानें फार काळ साथ दिली नाहीं. पुढें १८६४ सालीं आसपासच्या डोंगरांत रुपें सांपडलें आणि गांवाचें दैव फिरलें. १८७७ सालीं आगगाडी येऊन पोंचली, व १८८० च्या शिरगणतींत वस्ती तीन हजारांवर गेली. खाणगांव म्हणजे बहुधा लांकडी खोपट्यांचा, दारूच्या गुत्त्यांचा आणि आजचें उद्यां नसणाऱ्या माणसांचा मेळा. अशा ठिकाणीं फ्रान्समधील एखाद्या खानदानी भोजनगृहास शोभेल असें घर कोणीं व कां बांधलें, हा प्रश्न सहजच मनांत येतो.

तें बांधणारा लुई दुप्युई. परंतु हें त्याचें खरें नांव नव्हे. तो १८४४ सालीं फ्रान्समधील आलांसॉन येथें जन्मला, तेव्हां त्याचें नांव आदोल्फ फ्रांस्वा जेरार असें होतें. धर्मोपदेशक होण्याचें शिक्षण त्यानें अर्धवट टाकलें आणि देशोदेशीं भटकत अखेर अमेरिका गांठली. तेथील सैन्यांत तो भरती झाला व १८६९ सालीं पळून गेला. पळपुट्या शिपायास जुनें नांव ठेवून राहणें सोयीचें नव्हतें. म्हणून त्यानें नवें नांव धारण केलें. कांहीं काळ त्यानें डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ पत्रासाठीं खाणींच्या मुलखांतील बातम्या जमविल्या. मग तो स्वतःच हातांत कुदळ घेऊन खाणींत उतरला. १८७३ सालीं सुरुंगाचा स्फोट होऊन तो जबर जखमी झाला. सोबत्यास वांचवितांना त्याला ही इजा झाली असें सांगतात. खाणकाम त्याच्या हातून पुन्हां होणें नव्हतें. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमवून त्याला आधार दिला, आणि १८७५ सालीं त्यानें गांवांतील एक जुनी पावभट्टी घेऊन तेथें आपलें भोजनगृह उघडलें. ‘हॉटेल द पॅरिस’चा आरंभ तो हाच.

ही इमारत एका दमांत उभी राहिलेली नाहीं. जसजसा हातीं पैसा आला तसतशी ती पुढील पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानें वाढत गेली. भिंती जाड व दुमजली. बाहेरून पाहणारास त्या घडीव चिऱ्यांच्या वाटतात, परंतु जवळ जातां तो गिलावा आहे व चिऱ्यांचे सांधे रेघांनीं दाखविलेले आहेत, हें ध्यानांत येतें. माथ्यावर न्यायदेवतेचा धातूचा पुतळा आहे. शिवाय सिंह व मृग ह्यांच्याहि मूर्ति पाहणाराचें लक्ष वेधून घेतात. अंगणास भिंतीचा आडोसा आहे. रस्त्याकडे पाठ व चौकाकडे तोंड अशी रचना आपल्या वाड्यांवरून आपणांस परिचित आहे. खाणगांवच्या गलबल्यापासून घर अलग ठेवण्याचा हेतु येथेंहि उघड दिसतो.

बाहेरच्या गिलाव्यानें केलेला चिऱ्यांचा बहाणा मात्र आंत पाऊल टाकतांच संपतो. भोजनगृहाची जमीन अक्रोड व मेपल ह्या दोन झाडांच्या फळ्या आळीपाळीनें बसवून केलेली आहे. एक पट्टा काळसर, एक पट्टा फिका. दालनाच्या मध्यें कारंजें आहे. पाहुण्यांपुढें येणारीं ताटें फ्रान्समधील लिमोझ येथील प्रसिद्ध हॅव्हिलंड कारखान्याचीं. वरच्या मजल्यावरील निजण्याच्या खोल्यांत संगमरवरी पात्रें असून त्यांत थंड व ऊन असें दोन्ही पाणी नळानें येई. खालीं मद्याचें तळघर, पलीकडे प्रशस्त स्वयंपाकघर, मालकाचा स्वतःचा ग्रंथसंग्रह, आणि फिरत्या विक्रेत्यांना आपल्या पेट्या उघडून मालाचे नमुने मांडण्यासाठीं एक स्वतंत्र खोली. ह्या शेवटच्या खोलीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. ह्या पांथशाळेचे पाहुणे यात्रेकरू नव्हते, हवा खाण्यास आलेले धनिकहि बहुधा नव्हते. ते होते खाणींचे भागीदार, भांडवलवाले व गांवोगांव माल खपविणारे व्यापारी. डोंगरांतून रुपें निघत होतें तोंवरच त्यांना येथें येण्याचें कारण होतें.

दुप्युईच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी त्या बाजूस पुष्कळ प्रचलित आहेत. मर्जीस न उतरलेल्या पाहुण्यास तो दारांतूनच परत लावी म्हणतात, आणि कर वसूल करणाऱ्याचें तर त्याला तोंडहि पाहवत नसे. त्यांतील पदरची भर किती तें असो. एवढें खरें कीं ‘अतिथी देवो भव’ हें वचन त्यानें ऐकलें असतें तर देव कोणता व कसा हें ठरविण्याचा हक्क त्यानें आपणांकडेच राखून ठेवला असता! ज्याचा भूतकाळ उघडा पडल्यास शिक्षेचें भय होतें, त्यानें न्यायदेवतेस आपल्या माथ्यावर उभें करावें, हा योगहि विचार करण्यासारखा आहे. त्याच्या नांवांत खोट होती. हातच्या कामांत ती आढळत नाहीं.

आतां त्या धाग्याकडे वळूं. अमेरिकेनें १८७३ सालीं रुप्याचें मुक्त नाणें पाडण्याची प्रथा बंद केली होती. जर्मनीसारखीं राष्ट्रेंहि सोन्याकडे वळलीं होतीं. रुप्याचा भाव घसरत चालला. खाणवाल्यांच्या ओरडीमुळें अमेरिकन सरकारनें १८७८ सालीं दरमहा ठराविक रकमेचें रुपें विकत घेण्याचा कायदा केला, आणि १८९० सालीं हें प्रमाण वाढवून दरमहा ४५ लक्ष औंस खरेदी करण्याचें ठरविलें. ‘हॉटेल द पॅरिस’च्या भरभराटीचा काळ तो हाच.

सरकारी खरेदीखेरीज रुप्यास आणखी एक मोठें गिऱ्हाईक होतें, तें म्हणजे हिंदुस्थान. १८३५ पासून हिंदुस्थानचा रुपया १८० ग्रेन वजनाचा व बारांत अकरा भाग शुद्ध रुप्याचा असे. कोणींहि रुपें घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळींत जावें व ठरलेला आकार देऊन रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. पण रुपें उतरलें तसा रुपयाहि उतरला. १८७० च्या सुमारास रुपयास जवळजवळ दोन शिलिंग येत, ते १८९२-९३ मध्यें पंधरा पेन्सहि येईनात. विलायतेस सोन्यांत पैसा पाठवावा लागणाऱ्या सरकारची ओढाताण होऊं लागली, आणि २६ जून १८९३ रोजीं कायद्यानें टांकसाळींचीं दारें रुप्याच्या मुक्त नाण्यास बंद झालीं. त्यानंतर चार दिवसांत अमेरिकेंत रुप्याचा भाव औंसामागें सुमारें ८३ सेंटांवरून ६२ सेंटांवर कोसळला. कोलोराडोंतील खाणी व भट्ट्या पटापट थांबल्या, पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरास सरकारी खरेदीचा कायदाहि रद्द झाला, व रुप्याच्या गांवांचे दिवस फिरले ते कायमचेच.

त्याच कायद्याची झळ आपल्याकडील शेतकऱ्यासहि लागली, हें विसरून चालणार नाहीं. लेकीसुनांच्या अंगावरचे तोडे, वाळे, साखळ्या ही त्याची अडीअडचणीची शिल्लक. रुपें व रुपया ह्यांचा भाव जोंवर एक होता, तोंवर तोडा म्हणजे जणूं अंगावर बाळगलेला रुपयाच. टांकसाळ बंद झाली तेव्हां रुपयाची किंमत कायद्यानें सांवरली गेली, तोडा मात्र बाजारभावाबरोबर खालीं गेला. जॉर्जटाऊनचा खाणकामगार व दख्खनचा कुणबी ह्यांनीं एकमेकांचें नांवहि ऐकलें नव्हतें. तरीपण एकाच कायद्यानें एकाच्या हातची मजुरी गेली व दुसऱ्याच्या घरच्या दागिन्याचें मोल उतरलें.

दुप्युई ह्या पडत्या काळांतहि आपलें घर धरून राहिला व ऑक्टोबर १९०० मध्यें फुप्फुसदाहानें वारला. आपली मिळकत त्यानें घर सांभाळणाऱ्या सोफी गॅली नांवाच्या फ्रेंच बाईस ठेवली होती. पण थोड्याच महिन्यांत तीहि निवर्तली. दोघांना एकाच ठिकाणीं मूठमाती दिलेली असून वरील दगडावर ‘दोन चांगले मित्र’ ह्या अर्थाचे फ्रेंच शब्द कोरलेले आहेत. त्यानंतर पन्नासएक वर्षें तें घर एका कुटुंबाकडे होतें. १९५४ सालीं कोलोराडोंतील ‘कलोनियल डेम्स’ ह्या स्त्रियांच्या संस्थेनें तें विकत घेतलें व जुन्या सामानसुमानासह त्याचें संग्रहालय केलें. १९६६ सालीं जॉर्जटाऊन व शेजारचें सिल्व्हर प्लूम मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक क्षेत्र ठरलें.

हें घर टिकलें कसें? त्यास आमच्या मतें दोन कारणें आहेत. खाणगांवांची सर्वांत मोठी वैरीण म्हणजे आग. जॉर्जटाऊनच्या नागरिकांनीं आग विझविणारीं स्वयंसेवक पथकें उभारून गांव जपलें. दुसरें कारण गरिबीचें. भरभराट चालू राहती तर जुनें पाडून नवें मजले चढविण्याचा मोह कोणास आंवरता? १८९३ नंतर पाडण्यासहि पैसा उरला नाहीं, म्हणून जें होतें तें राहिलें. मात्र गरिबी वास्तु कांहीं काळ नुसती राखून ठेवते. पुढें ती मोडकळीस आणण्याचें कामहि तीच करते. ह्या दोहोंच्या मधल्या संधींत कोणीतरी पुढें व्हावें लागतें. त्या गांवीं तें काम वेळेवर झालें.

आपल्याकडेहि घाटवाटांवरील धर्मशाळा, बाजारपेठांतील सराया व जुन्या खाणावळींच्या इमारती ह्याच संधींत उभ्या आहेत. त्या कोणा सरदाराच्या नाहींत, त्यांत लढाई झाली नाहीं, म्हणून त्यांची दखल कोणी घेत नाहीं. परंतु कापसाचा, मिठाचा, धान्याचा व्यापार कोणत्या वाटेनें गेला व कोणत्या सालीं आटला, हें सांगणारे साक्षीदार तेच आहेत. त्यांतील एखाद्या धर्मशाळेचा दगड उतरविण्यापूर्वीं तिचें मोजमाप व नकाशा घेऊन तिची हकीगत कोणी लिहून ठेविली, तरी पुढच्या पिढ्यांवर उपकार होतील.