'सेट' या इंग्रजी शब्दाची अर्थसंख्या : एक ऐतिहासिक विचार

इंग्रजीतील सर्वाधिक अर्थांचा शब्द कोणता, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे 'सेट' असे दिले जात असे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाची नोंद सर्वांत दीर्घ होती. तीत ४३० हून अधिक अर्थ नोंदविलेले असून तिचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा होता. पुढे २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाची नोंद सुधारून तयार झाली, तेव्हा तिच्यातील अर्थ ६४५ भरले आणि अग्रमान त्या शब्दाकडे गेला. अशा आकड्यांवरून इंग्रजीच्या समृद्धीविषयी, आणि ओघाने मराठीच्या दारिद्र्याविषयी, अनुमाने काढण्याचा मोह होतो. ही अनुमाने कितपत ग्राह्य आहेत, हे पाहावयाचे तर प्रथम या शब्दाचा इतिहास तपासला पाहिजे.

'सेट' हे मूळचे प्रयोजक क्रियापद आहे. 'सिट' म्हणजे बसणे. 'सेट' म्हणजे बसविणे. प्राचीन इंग्रजीतील त्याचे रूप 'सेट्टन', तर गॉथिक भाषेतील रूप 'सत्-यन्'. संस्कृतच्या अभ्यासकाला येथे परक्या प्रदेशात आल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. संस्कृत 'सद्' धातू, त्याचे प्रयोजक 'सादयति', आणि जर्मानिक शाखेतील ही रूपे एकाच मूळ घडणीची आहेत. संस्कृत 'द' च्या जागी जर्मानिक भाषांत 'त' येतो, हे 'दश' आणि 'टेन', 'द्वि' आणि 'टू' या जोड्यांवरून परिचित आहे. संसद्, परिषद्, उपनिषद् हे आपले शब्द या न्यायाने 'सेट'चे दूरचे आप्तच होत. गॉथिक रूपातील 'य'च्या प्रभावाने इंग्रजीत आधीच्या स्वराचा 'ए' झाला. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड तोडून पाडणे, ही जोडी याच प्रक्रियेतून आली. मराठीतील पडणे–पाडणे, मरणे–मारणे, सरणे–सारणे या जोड्याही त्याच प्राचीन प्रयोजक-रचनेचा अवशेष आहेत.

बसविणे हा अर्थ एकदा हाती आला की शेकडो उपयोगांची बरीच मोठी रास आपोआप मार्गी लागते. कोंदणात खडा बसविणे, निखळलेले हाड बसविणे, मूर्ती आसनावर बसविणे, घड्याळाचे काटे योग्य जागी आणणे, पानावर ताटवाट्या मांडणे, सापळा लावणे, पद्याला चाल लावणे, किंमत ठरविणे, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणे, या सर्वांना इंग्रजीत 'सेट' चालते. वस्तू तिच्या नियत स्थानी वा स्थितीत आणणे, हा धागा सर्वत्र एकच आहे.

परंतु जेली 'सेट' होते, सिमेंट 'सेट' होते, सूर्य 'सेट' होतो, या प्रयोगांत बसविणारा कोणी नाही. येथे प्रयोजक क्रियापद अकर्मक बनले आहे. सूर्यास्ताला प्राचीन इंग्रजीत 'सेटल-गँग' असा शब्द होता. 'सेटल' म्हणजे आसन, म्हणून सूर्याचे आसनाकडे जाणे. पुढे मध्य इंग्रजीत सूर्याच्या बाबतीत 'सेट' हे क्रियापदच रूढ झाले. 'सिट' व 'सेट' यांच्या सीमा पुसट होण्याची प्रवृत्ती बोलींत आजही आढळते. त्यात आणखी एका घटनेची भर पडली. इंग्रजीचे विभक्ति-प्रत्यय व आख्यात-प्रत्यय झिजत गेले. भूतकाळाचा प्रत्यय धातूच्या अंत्य 'ट'मध्ये मिसळून गेला. परिणामी वर्तमान, भूत आणि धातुसाधित विशेषण ही तिन्ही रूपे 'सेट' अशीच राहिली. ठराविक, निश्चित या अर्थाचे विशेषण आणि क्रियेचे नाम हीदेखील त्याच रूपाने वावरू लागली. ज्या भाषेत रूपे वेगळी राहतात तेथे हा भार अनेक शब्दांवर विभागला जातो. इंग्रजीत तो एकाच शब्दावर पडला.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चहाच्या पेल्यांचा 'सेट', समविचारी मंडळींचा 'सेट', टेनिसमधील 'सेट' हे नाम मुळात या धातूचे नव्हेच. लॅटिनमध्ये 'सेक्ता' हा शब्द अनुसरणे या अर्थाच्या धातूपासून आला. त्याचा अर्थ अनुसरलेला मार्ग, अनुयायांचा वर्ग. आपल्याकडे 'पंथ' शब्दाने मार्गापासून अनुयायी-समूहापर्यंत असाच प्रवास केला आहे. 'सेक्ता'चे प्राचीन फ्रेंचमधील 'सेत' हे रूप इंग्रजीत आले आणि उच्चारसाम्यामुळे देशी 'सेट'शी एकजीव झाले. एकत्र मांडलेल्या वस्तू म्हणजे 'सेट', अशी समजूत होऊन दोन्ही प्रवाह मिसळले. १८७४ पासून गेओर्ग कँटर यांनी ज्या गणिती सिद्धांताची उभारणी केली, त्यातील समूहवाचक जर्मन संज्ञेला इंग्रजीत हेच नाम मिळाले. मराठी परिभाषाकारांनी त्यासाठी 'संच' हा शब्द योजला. 'सम्' आणि 'चि' यांपासून बनलेला हा शब्द गोळा करण्याचा अर्थ देतो. बसविण्याशी त्याचा संबंध नाही. भाषांतराने येथे मुळातील दोन शब्दांची सरमिसळ अचूक निवारली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आकड्यांकडे वळू. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने ज्या कार्याचा संकल्प केला, त्यातून निघालेल्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये प्रकाशित झाला आणि १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झाली. शब्दाचा इतिहास अवतरणांच्या साक्षीने कालक्रमाने मांडणे, हे त्याचे सूत्र. या पद्धतीत लुप्त अर्थही मोजले जातात, आणि क्रियापदाबरोबर 'अप', 'आउट', 'ऑफ' यांसारखी अव्यये जोडून होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र स्थान मिळते. कर्म बदलले की अर्थ बदलला असे मानावयाचे की नाही, हा निर्णय संपादकाचा असतो. खड्याचे बसविणे आणि हाडाचे बसविणे हे दोन अर्थ की एकाच अर्थाचे दोन उपयोग? उत्तरानुसार बेरीज पालटते. १९८९ ते २०११ या काळात 'रन' हा शब्द काही एकाएकी 'सेट'पेक्षा संपन्न झाला नाही. पालटले ते मुख्यतः नोंदीचे स्वरूप.

हीच कसोटी मराठीला लावून पाहावी. नाटक बसविणे, गणपती बसविणे, घट बसविणे, कर बसविणे, दात बसविणे, घडी बसविणे. त्याचप्रमाणे दिवा लावणे, झाड लावणे, दार लावणे, शिस्त लावणे, वाट लावणे, अर्थ लावणे. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) यांच्या पायावर, ज्ञानेश्वरीपासून आजच्या वृत्तपत्रांपर्यंतची अवतरणे जमवून 'लावणे'ची नोंद ऑक्सफर्डच्या पद्धतीने कोणी सिद्ध केली, तर तिचा विस्तार लहान खचित होणार नाही. उणीव शब्दाची नाही, त्याच्या इतिहासलेखनाची आहे.

शेवटी मराठीत आलेल्या 'सेट'कडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण मोबाइलचा गजर 'सेट करतो', पण सिमेंट 'सेट होते'. करणे आणि होणे या साहाय्यक क्रियापदांनी मराठीने तो भेद पुन्हा उभा केला आहे, जो इंग्रजीने या शब्दात गमावला. शिवाय राज्यस्तरीय पात्रता परीक्षेच्या आद्याक्षरांतून निघालेला आणखी एक 'सेट' आपल्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. 'सेक्ता'प्रमाणेच त्याचाही बसविण्याशी संबंध नाही. एका ध्वनिरूपाखाली किती शब्द नांदतात, हे आधी ठरवावे. अर्थ मोजणे त्यानंतरचे काम. हा क्रम पाळला नाही, तर संख्येवरून भाषांची तुलना करणारे कोणतेही विधान निराधार ठरते.