झकेरिया, डॉ. रफिक : कार्य आणि वारसा

झकेरिया, डॉ. रफिक (५ एप्रिल १९२० – ९ जुलै २००५) : महाराष्ट्रातील काँग्रेस नेते, राज्याचे मंत्री, राज्यसभा सदस्य, शिक्षणसंस्थांचे संस्थापक व इंग्रजी ग्रंथकार. जन्म नालासोपारा येथे, कोकणी मुस्लिम कुटुंबात. मुंबई विद्यापीठाची एम.ए. सुवर्णपदकासह, लंडन विद्यापीठाची पीएच.डी., लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. चरित्राचा एवढा तपशील पुरे. त्यांच्यामागे उरलेले काम हा या नोंदीचा विषय आहे आणि ते मुख्यतः औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाहायला मिळते. जन्म कोकणपट्टीचा, शिक्षण मुंबई-लंडनचे, व्यवहाराची भाषा इंग्रजी. असा माणूस साठच्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादचा आमदार झाला आणि अखेरपर्यंत त्या शहराशी बांधला गेला. बाहेरून आलेल्या उमेदवाराबाबत मराठवाड्याचा अनुभव एरवी असा नाही.

शहराची तेव्हाची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली. तिच्याबरोबर कारभारातले उर्दूचे स्थान गेले आणि शिकलेल्या, नोकरदार मुस्लिम घरांपैकी बरीच हैदराबादला किंवा पाकिस्तानात गेली. मागे राहिलेला समाज बहुतांशी कारागीर, छोटे व्यापारी व मजूर यांचा होता. शिक्षणाच्या आघाडीवर शहर रिकामे नव्हते. सरस्वती भुवन संस्था जुनी होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे महाविद्यालय काढले होते (पुढचे मिलिंद महाविद्यालय) आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. मुस्लिम वस्तीतल्या मुलामुलींना मात्र आपले वाटेल असे महाविद्यालय नव्हते.

१९६३ मध्ये झकेरियांनी मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. नाव जाणूनबुजून निवडलेले दिसते. फाळणीला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्या काँग्रेसी मौलानांचे नाव निजामाच्या जुन्या मुलखात महाविद्यालयाला देणे म्हणजे आपले राजकारण पाटीवर लिहून टाकणेच होते. महाविद्यालयाच्या रौजाबागेतील परिसरात पुढे शाखा वाढत गेल्या. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयाला यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले गेले. ताज समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली. मुलींचे महाविद्यालय मात्र रौजाबागेत नाही, ते नवखंडा महालाच्या आवारात आहे. हा महाल मलिक अंबरच्या काळातला. जुन्या शहरातल्या मुलींना लांब जावे लागत नाही, ही या जागेची खरी सोय. ज्या घरांत ‘कॉलेज लांब आहे’ एवढे कारण मुलीचे शिक्षण थांबवायला पुरत असे, तिथे अशा जागेचे मोल शंभर भाषणांहून अधिक. पत्नी फातमा झकेरिया मुंबईच्या इंग्रजी पत्रकारितेत संपादक म्हणून नावाजलेल्या होत्या. पुढे संस्थांची धुरा त्यांनी वाहिली. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ६ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

वारशाचा दुसरा भाग रस्त्यांचा, गटारांचा आणि पाण्याचा आहे. त्याची चर्चा फार कमी होते. नागरी स्थानिक संस्थांचे उत्पन्न कसे वाढवावे, हे पाहण्यासाठी नेमलेल्या मंत्र्यांच्या अखिल भारतीय समितीचे अध्यक्ष झकेरिया होते. समितीचा अहवाल १९६३ चा. लोकसंख्येनुसार शहरांचे वर्ग पाडून पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती यांवर दरडोई किती खर्च लागतो, याची मापे तिने बांधून दिली. नगरनियोजनाच्या व्यवहारात ती ‘झकेरिया निकष’ म्हणून रूढ झाली. पुढच्या दशकांत राज्यांच्या वित्त आयोगांनी आणि अभ्यासकांनी महागाईचा हिशेब घालून तीच मापे पुन्हा पुन्हा वापरली. मंत्र्याचे नाव एखाद्या चौकाला मिळणे नेहमीचेच आहे. हिशेबाच्या तक्त्याला मिळणे दुर्मीळ.

औरंगाबादच्या वाढीतही हीच दृष्टी दिसते. सिडको या राज्याच्या शहरविकास महामंडळाची स्थापना १९७० मध्ये नवी मुंबईसाठी झाली. १९७२ मध्ये तिच्याकडे नवे औरंगाबाद वसवण्याचे काम आले, त्यामागे राज्यात मंत्री असलेल्या झकेरियांचा पुढाकार होता. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम दीड लाखाच्या वर होती. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत आली होती आणि मराठवाड्यातल्या गावागावांतून लोक येऊ लागले होते. आधी जमीन घ्यायची, रस्ते आणि नाल्या आखायच्या, मग लहान उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे व भूखंड द्यायचे, हा क्रम त्या काळात मराठवाड्याला नवा होता. ‘एन-सात’, ‘एन-दोन’ असे सिडकोच्या विभागांचे पत्ते सांगणारी पिढी त्यातूनच तयार झाली. वाळूजची औद्योगिक वसाहत नंतर आली, पण कारखान्यांसाठी आलेल्या माणसाला डोके टेकायला जागा आधी सिडकोत मिळाली होती. २००६ मध्ये सिडकोने या वसाहतींचा कारभार महानगरपालिकेकडे सोपवला. पाण्याचे गणित मात्र निकषांत बसले नाही. जायकवाडीचे धरण जवळच पैठणला, तरी शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, आणि १,६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली नवी योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. हा दोष झकेरियांच्या माथी मारता येत नाही. तरीही दरडोई मापे बांधून देणाऱ्या माणसाच्या मतदारसंघात हे व्हावे, याची नोंद घेणे भाग आहे.

राजकारणात त्यांचे वजन मुंबई-दिल्लीत अधिक राहिले. सुमारे दीड दशक राज्यात मंत्री, १९७८ ते १९८४ राज्यसभेत, काँग्रेस संसदीय पक्षाचे उपनेते. शहरात त्यांच्या मागे त्यांच्या विचाराचा पक्ष उभा राहिला नाही. १९८८ मधल्या महानगरपालिकेच्या पहिल्या निवडणुकीपासून शिवसेनेने शहरात पाय रोवले. १९९९ ते २०१९ चंद्रकांत खैरे खासदार होते, २०१९ मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील निवडून आले. धर्माच्या नावाने मत मागू नये, असे आयुष्यभर सांगणाऱ्या नेत्याच्या गावी पुढची निवडणूक गणिते धर्मावरच मांडली गेली. त्यांच्या संस्थांतून पदवी घेतलेल्यांची संख्या मोठी, राजकारणातला शिष्यवर्ग मात्र जवळपास नाही; त्यांच्या कामातली ही सर्वांत मोठी उणीव मानावी लागते.

सुधारक म्हणून त्यांचे स्थान ठरवताना हमीद दलवाईंशी तुलना टाळता येत नाही. दोघेही कोकणी मुसलमान, दोघेही फाळणीच्या राजकारणाचे टीकाकार. दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तलाकपीडित सात स्त्रियांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हा झकेरिया मंत्रिमंडळात होते. १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले आणि धर्मचिकित्सेलाच हात घातला. झकेरियांनी ती वाट धरली नाही. त्यांना धर्माच्या चौकटीत राहून सुधारणा हवी होती, तीही शाळा-कॉलेजातून. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’च्या वादानंतर १९९१ मध्ये त्यांनी ‘मुहम्मद अँड द कुराण’ लिहून पैगंबरांची बाजू मांडली. ‘द मॅन हू डिव्हायडेड इंडिया’ (२००१) मध्ये जीनांवर कडाडून टीका केली. ‘द प्राइस ऑफ पार्टिशन’ मध्ये फाळणीचा जमाखर्च मांडला. रझिया सुलतानवर त्यांनी लिहिले, इक्बालवरही. शैली वकिलाची, पुरावे रचत नेणारी. काही ठिकाणी प्रतिपक्षाला जरुरीपेक्षा कमी लेखणारी. दलवाईंकडे भेदक प्रश्न आणि मराठी वाचक होता, झकेरियांकडे इमारत, अनुदान आणि पटावर मुले होती. दोघांपैकी कोणाचे अधिक टिकले, याचे उत्तर वाचक कोठे उभा आहे त्यावर बदलेल. मुलींच्या पटाकडे पाहणाऱ्याला ते झकेरियांकडे झुकलेले दिसेल.

ग्रंथांची भाषा इंग्रजी, हीच त्यांची मर्यादा. ज्या समाजाला ते उद्देशून लिहीत होते, तो औरंगाबादेत दखनी बोलतो, उर्दू वाचतो आणि बाजारात मराठी वापरतो. त्यामुळे ‘इंडियन मुस्लिम्स : व्हेअर हॅव दे गॉन राँग?’ (२००४) या त्यांच्या सर्वांत परखड पुस्तकाची चर्चा मुंबई-दिल्लीच्या वर्तुळात जितकी झाली, तितकी रौजाबागेच्या आसपास झाली नाही. तक्रारी मांडत बसण्यापेक्षा शिक्षण, उद्योग आणि शेजाऱ्याशी सलोखा यांकडे वळा, असा त्या पुस्तकाचा रोख आहे आणि जबाबदारीचा मोठा वाटा समाजाच्या नेतृत्वावर टाकलेला आहे. वर्षभरात त्यांचे निधन झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षण व नोकऱ्यांतील मागासलेपणाची आकडेवारी मांडली आणि बोट राज्यसंस्थेकडे वळवले. झकेरियांच्या प्रतिपादनातला अर्धा भाग या आकड्यांनी पक्का केला, उरलेला अर्धा वादात टाकला. अलीकडे त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण या दोन भागांपैकी सोयीचा तेवढाच उचलतात.